गुरुवारची सोलाई

माझी धाकटी बहीण तळ्याच्या तळाचा गाळ तपासायची. कुणी विचारलं, “तुमची बहीण विद्यापीठात काय करते हो?” की मी सांगायची, “चिखल चिवडते.” ती चिडायची नाही. उलट समजावत बसायची, की गाळात थरावर थर असतात, त्यात जुने परागकण अडकलेले असतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की पूर्वी काठावर कुठली झाडं होती ते कळतं. मी पडले शिवणकाम करणारी. मला एवढंच कळायचं, की पोरगी दिवसभर मान मोडून बसते, नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार संपत आला की हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

विभागात तिच्यासारखे बरेच होते. पीएचडी झालेले, हुशार, आणि पुढच्या वर्षी कुठे असू ते ठाऊक नसलेले. नमुने ठेवायच्या थंड खोलीला लागून एक अडगळीची खोली होती. ती हिने स्वतः झाडली, किटली आणली, माझ्याकडचे कान तुटलेले कप नेले. हिचं नावच तिथे गाळताई पडलं. मग नवीन आलेल्याला भाड्याची खोली हवी, चला गाळताईकडे. कुणाचा अर्ज अडलाय, गाळताई वाचेल. कुणाला प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत झापलं, तो रडायला तिथेच. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, ते हेच! मी ओरडायची, “अगं, स्वतःचं काही लिहिशील की नाही?” “हो गं ताई, यांचं एवढं झालं की बसते,” म्हणायची.

त्या खोलीत दर गुरुवारी ‘सोलाई’ असायची. नाव त्यांनीच पाडलेलं. ज्याची नोकरीची मुलाखत असेल त्याने फळ्यापाशी उभं राहून आपलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याला सोलून काढायचं. जितका खडूस प्रश्न तितका चांगला. नियम एकच, ‘छान’ म्हणायचं नाही. जो ‘छान’ म्हणेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. या सोलाईतून निघून किती जण कुठे कुठे कायमचे लागले! जाताना हिच्या गळ्यात पडायचे, आणि ही रात्री घरी येऊन म्हणायची, “खोली रिकामी रिकामी वाटते गं.”

आणि एकदाची यांच्याच विभागात कायमची जागा निघाली. एकच. पीएचडीला दहा वर्षं उलटली की अर्ज घेत नाहीत, आणि हिची दहा त्याच वर्षी भरत होती. म्हणजे ही जागा हातची गेली की संपलं. भिंगरीनेही अर्ज केला होता. भिंगरी म्हणजे हिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. दोघींनी एकमेकींपासून काही लपवलं नाही. आधी तिची सोलाई, पुढच्या गुरुवारी हिची.

हिच्या सोलाईला मी होते. मुलाखतीसाठी कोट शिवला होता, बाही नीट बसते का बघायला गेले आणि कोपऱ्यात टेकले. ही बोलली, बोलली, छान बोलली. मग प्रश्न. पण काय प्रश्न ते! “गाळताई, तुम्हाला हे सगळं कसं जमतं?” “ताई, तो तिसरा आलेख परत दाखवा ना, फार सुंदर आहे.” एक जण तर “छान” म्हणाला आणि हसत हसत कप गोळा करायला लागला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरी. कप धुवायला ही रांग! माझा ऊर भरून आला. म्हटलं, काय गुणी मुलं आहेत, जीव टाकतात हिच्यावर. हीसुद्धा लाजून हसत होती.

मुलाखतीहून ती संध्याकाळी आली. कोट खुर्चीवर टाकला. ती कधी कपडे असे टाकत नसे.

“काय झालं?”

“एकांनी विचारलं, ‘तुमच्या प्रत्येक लेखावर आणखी पाच नावं आहेत. ती बाजूला ठेवली तर तुम्ही स्वतः काय शोधलंत?’”

“मग?”

“मग काही नाही. वाचाच बसली माझी. ‘आम्ही’ म्हणाले, परत ‘आम्ही’ म्हणाले. त्यांनी पाणी दिलं.”

जागा भिंगरीला मिळाली.

ती आली आमच्याकडे. दारातच उभी, नाक लाल. माझ्या अंगाचा तिळपापड झालेला, मी आत ये म्हटलं नाही. हिनेच उठून तिला मिठी मारली, पाठ थोपटली आणि चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात भिंगरी माझ्याजवळ कुजबुजली, “मोठ्या ताई, मलाही तोच प्रश्न आला. शब्दन् शब्द तोच. माझ्या सोलाईत गाळताईंनी तो मला विचारला होता. मी रडले तरी सोडलं नाही. उत्तर धड येईपर्यंत विचारत राहिल्या.”

“आणि तुम्ही तिला काय विचारलंत? आलेख सुंदर आहे?”

“आम्हाला धीर झाला नाही हो. वाटलं, त्यांना आता आम्ही कशाला त्रास द्यायचा.”

माझ्या तोंडावर आलं होतं, द्यायचा होतात ना, मेल्यांनो! पण ती पोर इतकी रडत होती, की मी तिला बसायला खुर्ची दिली.

भिंगरी गेल्यावर मी मशीनवर बसले, पण टाका सरळ पडेना. शेवटी भडकून म्हणाले, “एवढं काय अवघड होतं गं त्यात? काय शोधलंस तू? सांग मला!”

आणि ती सांगायला लागली. भिंतीला टेकून, हात हलवत. सगळे म्हणत होते काठावरचं जंगल दुष्काळाने गेलं. हिला एका थरात कोळशाची कणी दिसली, मग दुसऱ्यात. ते जंगल माणसांनी जाळलं होतं. ते हिने, हिने एकटीने, सुट्टीच्या दिवसांत बसून शोधलं होतं, आणि लेखावर सगळ्यांची नावं घातली होती. मला अर्धंच कळलं, पण मशीन कधी थांबवलं ते माझं मलाच कळलं नाही. डोळे कसे चमकत होते तिचे!

“अगं वेडे, मग हेच तिथे का नाही बोललीस?”

तिचे हलते हात खाली आले. मग म्हणाली, “ताई, तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं गं.”

आणि पहिल्यांदा माझ्यासमोर ती मोठ्याने रडली.