हिरव्या कागदातलं चॉकलेट

हिरवा चमकता कागद कुठं चुरचुरला की मला आम्ही राहायचो त्या नौबाद गावातली नाताळची एक सकाळ आठवते. शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाईंनी आम्हा मायलेकींना घरात बोलावून चटईवर बसवलं आणि करंज्या, गुलाबी खोबरावड्या, रंगीत कागदातली चॉकलेटं मांडलेलं ताट पुढं सरकवलं. मी लगेच करंजी उचलली. आईनं मात्र पदर पसरला. आम्हाला बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या माहेरी सणाचं गोडधोड मोठ्या घरच्या बाया उंबऱ्याआतूनच पदरात टाकायच्या, ती सवय गेली नव्हती. “अक्का, पदर कामून पसरायलाव? आवडतंय ते निवडून घ्या की,” बाई म्हणाल्या. आई ताटाकडं बघतच राहिली. “मला काय आवडतंय, ते मलाच ठाव न्हाई बाई,” ती म्हणाली. मग एकेका जिनसावरून बोट फिरवत तिनं हिरव्या कागदातलं चॉकलेट उचललं. बाहेर अंगणात आल्यावर मी नेहमीसारखा हात पुढं केला, तर “न्हाई, हे माझं हाय,” म्हणत तिनं ते सगळं स्वतःच चघळून खाल्लं. मी दिवसभर फुगून बसले होते. आज वाटतं, ‘माझं’ हा शब्द आईच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.