बंद रेच्याची किंमत

कंपनीची किंमत कशी काढावी हे मी एका पुस्तकावरून शिकलो. पुस्तक मुंबईहून टपालानं मागवलेलं, इंग्रजी. त्यातले पहिले दोन धडे मला नीट समजले. पुढचे समजले नाहीत, पण त्यावाचून अडलंही नाही, कारण अमरावतीतल्या आमच्या सबंध गोतावळ्यात पहिले दोनही समजलेला दुसरा कोणी नव्हता. मी जाणकार ठरलो.

माझी मामी भातकुलीला झेंडू आणि वांगी लावायची, बैलबंडीत घालून अमरावतीच्या बाजारात आणायची. बारा वर्षांत तिनं विहिरीपुरता पैसा साठवला. नेमके त्याच सुमारास मामाच्या ओळखीचे एक वकील अकोल्याच्या एका रेच्याचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, शेअर विकायला निघाले. मामा म्हणाला, शेअर घेऊ, घरबसल्या पैसा येतो. मामी म्हणाली, विहीर खणू. दोन महिने घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी ठरलं की भाचा शिकलेला आहे, तो सांगेल तसं करायचं. मामीनं जाताना बजावलं, "बाबू, माह्या बारा सालाच्या कंबरेचा पैसा हाये. नीट पाहूनशान सांग."

पुस्तकाचं म्हणणं असं की कंपनी पुढं किती मिळवील ते वर्षावर्षानं मांडायचं, आणि उद्याचा रुपया आज हातात नाही म्हणून त्यात थोडी थोडी कपात करत आजच्या भावात आणायचं. मी वीस वर्षांचा तक्ता केला. कागद पुरेना, तेव्हा ज्वारीच्या पिठाची खळ लावून ताव जोडत गेलो. तक्ता ओसरीतून माजघरात गेला. खळीच्या वासानं उंदीर आले आणि त्यांनी चौदावं नि पंधरावं वर्ष खाल्लं. मी त्या दोन वर्षांत मंदी दाखवली.

मग तक्ता गुंडाळून काखेत मारला आणि प्रत्यक्ष कारखाना पाहायला बडनेऱ्याहून आगगाडीनं अकोल्याला गेलो. भर हंगाम होता. रस्त्यात कापसाच्या बंड्यांची रांग, हवेत रुईचे तंतू, शेजारच्या रेच्यांचे भोंगे. आणि आमच्या रेच्याला हे भलंमोठं कुलूप. आत चौकीदार पत्र्यावर मिरच्या वाळवत होता.

"बंद पडला का?" मी विचारलं.

"पडला नाई बाबूजी, ठेवला. बंद हाये म्हनून तर चांगला चालून राह्यला."

त्यानं मला समजावलं. गावात रेचे झाले फार, कापूस तेवढाच. सगळे चालले तर दर पाडून एकमेकांना मारतात. म्हणून मालकांनी करार केला: काही रेच्यांनी कुलूप लावायचं आणि चालणाऱ्यांनी त्यांना आपल्या मिळकतीतला वाटा द्यायचा.

"म्हणजे काही न करता पैसा?"

"करा लागते ना. मिरच्या पालथ्या कोन करन?"

माझ्या अंगावर काटा आला. असा धंदा पुस्तकातही नव्हता. मी तिथंच बसून तक्ता दुरुस्त केला. कोळसा शून्य, मजुरी शून्य, दुरुस्ती शून्य. वीस वर्षं खाली नुसती शून्यं, आणि वर मिळकत. किंमत तिप्पट झाली. त्या दोन वर्षांतली मंदीही मी काढून टाकली, कारण बंद कारखान्याला कसली मंदी?

उठताना माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. चौकीदारानं आतून वहाणांचा नवा जोड आणला, काळा, जाड, तेलकट. "घ्या. इंजिनाच्या पट्ट्याचा हाये. एवढा रेचा फिरवत होता, तुमाले तर सहज फिरवीन." आठ आण्यांत असं चामडं अमरावतीत मिळालं नसतं. मी खूश होऊन थेट भातकुली गाठली.

अंगणात तक्ता अंथरला. चार कोपऱ्यांवर चार वांगी ठेवली. मामा तक्त्याच्या कडेकडेनं चालत विसाव्या वर्षापर्यंत गेला आणि भारावून परत आला. मामी झेंडू ओवत ऐकत होती.

"बंद राह्यचे पैसे देतात काहून?" तिनं विचारलं.

"करार आहे, मामी."

"करार कायले करतात? मले एका दसऱ्याले फुलवाल्याईनं पैसे देल्ले, बाजारात येऊ नको म्हने. दुसऱ्या साली माह्या वावरात झेंडू नोता. कोन पुसते मग? ज्याचं भेव, त्यालेच पैसे." तिनं सुई थांबवली. "सुरू करतो म्हटलं त सुरू होते का तो?"

"होणारच. यंत्र आहे ना आत."

"पाह्यलं?"

मी कोळसा पाहिला नव्हता, बॉयलर पाहिला नव्हता. मिरच्या पाहिल्या होत्या. मी तक्त्यावर बोट ठेवायला खाली वाकलो, आणि मामीची नजर माझ्या पायांवर गेली.

"ह्या वाहाना कुठच्या रे?"

मी सांगितलं. अगदी अभिमानानं, आठ आण्यांसकट.

मामानं तक्त्याच्या कोपऱ्यावरचं वांगं उचलून टोपलीत टाकलं. मामीनं उरलेली दोन फुलं ओवली, गाठ मारली. "तुह्या पायात दोन पट्टे हायेत. बाकीचे अकोल्याच्या पायात असतीन. विहीर खना."

पुढच्या हंगामाआधी करारवाल्यांनी खरंच माणूस पाठवून रेचा फिरतो का ते पाहिलं. फिरला नाही. वाटा बंद झाला. वकीलसाहेबांचे शेअर त्यांच्याकडेच राहिले आणि मामाशी त्यांचं बोलणं तुटलं.

विहिरीला बेतानं पाणी लागलं. वैशाखात चामड्याची मोट फाटली तेव्हा मामीनं माझ्या वहाणा मागून घेतल्या आणि चांभाराकडून त्यांचं ठिगळ मारून घेतलं. मी अनवाणी अमरावतीला आलो. तक्ता मामीनं आधीच घेतला होता, टोपल्यांच्या बुडाशी घालायला. पहिली पाच वर्षं वांग्यांखाली गेली. बाकीची पंधरा झेंडूला पुरली.