बाहेर राहणाऱ्यांना मिळत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. म्हणजे त्याला अर्धं माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं असेल असं त्याच्या मनातही येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तरी सुरुवात कुठून करावी ते समजत नाहीये. वैशालीपासून करते. तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं, आणि तेवढाच मूळ मुद्दा लांबणीवर पडतो. बघा, अजूनही लांबवतेच आहे.

वैशाली मला ह्यूस्टनला भेटली. आमच्या दोघींचे नवरे एकाच कंपनीतून एकाच प्रोजेक्टवर गेलेले. माझा विनय इंजिनीअर, तिचे प्रकाशभाऊजी ड्राफ्ट्समन. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि दोघींना थोड्या अंतरानं दिवस गेले. माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. ईरा झाली आणि हॉस्पिटलमधून घरी आले ती मी नुसती रडतच. तेव्हा वैशाली — स्वतः पोटुशी, माझ्याहून वयानं लहान, जन्मात कुणाचं बाळंतपण न केलेली — सांगलीला स्वतःच्या आईला फोन लावून एकेक गोष्ट विचारत माझं बाळंतपण करायला उभी राहिली. डिंक कुठून मिळवला, अळीव कुठून मिळवले, देव जाणे. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायचीच, असं तिला आईनं बजावलेलं. त्या फ्लॅटमध्ये धुरी! स्मोक अलार्म किंचाळायला लागला, सगळी बिल्डिंग खाली लॉनवर, आगीचा बंब दारात, आणि त्या गर्दीत वैशाली एका हातानं पोट सावरत, दुसऱ्या हातावर दुपट्यात गुंडाळलेली ईरा घेऊन फायरमनला समजावतेय, "धिस इज फॉर बेबी. व्हेरी गुड फॉर बेबी." तो बिचारा हसायला लागला. दुसऱ्या दिवसापासून तिनं धुरी बाल्कनीत दिली, पण चुकवली मात्र एकदाही नाही.

अशी माझी मैत्रीण. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिनं माझं केलं, आणि पुढे कधी त्याचा उच्चारही केला नाही. मी तिच्यासाठी काय केलं, ते आता सांगायचंय.

प्रोजेक्ट संपला आणि दोन्ही कुटुंबं आखातात आली. आम्ही दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. ती रास अल खैमाला, प्रकाशभाऊजींना तिथल्या सिमेंट कंपनीत नोकरी लागली म्हणून. पगार आमच्याहून कमी, पण तिचं घर कायम भरलेलं. आमच्या दोघींच्या मुली तिकडे जन्मल्या म्हणून अमेरिकन नागरिक; आम्ही चौघं आईबाप भारतीय. तिची मृण्मयी माझ्या ईराहून थोडीशी लहान, पण एकाच इयत्तेत. मृण्मयीला लहानपणापासून दगडांचा नाद. सुट्टीत तिथल्या डोंगरात फिरायला गेलो की बाकीची मुलं चिप्स खायची आणि ही ओढ्याच्या कोरड्या पात्रातून फ्रॉकमध्ये दगड गोळा करून आणायची. "अनघामावशी, लुक, धिस वॉज अंडर द सी!" मी म्हणायची, "हो का गं?" आणि तो दगड गाडीतून खाली टाकून द्यायची.

ती हुशार होती. ईराही हुशार आहे — पण मृण्मयी जास्त. हे मला तेव्हा कुणी म्हणालं असतं तर मी मान्य केलं नसतं. निकालाच्या दिवशी मी आधी रास अल खैमाला फोन लावायचे, मनापासून अभिनंदन करायचे, आणि फोन ठेवला की काहीतरी कारण काढून ईरावर चिडायचे. बिचारीला कधी कळलंच नाही आईला काय होतं ते.

बारावीत दोघींनी अमेरिकेतल्या एकाच सरकारी विद्यापीठात अर्ज केले. ईरानं लवकर केला होता, तिचं आधी झालं. विद्यापीठानं काही फी माफ केली. उरलेलीही आम्हाला झेपणारी नव्हती, कारण त्याच वर्षी विनयचा पगार कापला गेला होता. हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. दुबईत पगार वाढल्याचं सांगतात, कापल्याचं नाही. मग ईरानंच शोधून काढलं की अमेरिकन सरकार विद्यार्थ्यांना कर्ज देतं आणि पालकांनाही देतं. ती लॅपटॉप घेऊन बसली, विनयनं दिरहमचे डॉलर करून आकडे सांगितले, मी सवयीनं त्याचे रुपये करून छातीवर हात ठेवत होते. पालकांचं कर्ज आम्हाला मिळणार नव्हतं. त्याला पालक तिथला नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाला लागतो. पण विद्यार्थ्याचं मिळत होतं. विद्यार्थी नागरिक असला की झालं, तो वाढला कुठे याच्याशी काही देणंघेणं नाही. उलट विद्यापीठाच्या बाई फोनवर म्हणाल्या, आईवडिलांना कर्ज मिळत नसेल तर मुलीला तिच्या नावावर थोडं जास्त देता येतं. आणि घरचं उत्पन्न फारच कमी असेल तर सरकार परत न करायचे पैसेसुद्धा देतं. आमचं तेवढं कमी नव्हतं. पण हे परत न करायच्या पैशांचं लक्षात ठेवा.

ईरानं पोहे खाता खाता कर्जाच्या करारावर सही केली. अठराव्या वर्षी. माझा चेहरा बघून म्हणाली, "इट्स ओके ममा. आय विल पे इट." किती सहज म्हणाली! मला तिचा अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी लाजही वाटली — इतकी वर्षं आखातात काढून आम्ही मुलीला काय दिलं, तर कर्ज?

त्याच आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांचा गुणगौरव असतो, त्यासाठी नावं गोळा करत होते. "वहिनी, ईराला स्कॉलरशिप मिळाली म्हणे?" मी म्हटलं, हो. "फुल ना?" यावर मी हसले. नुसती हसले हो! नाही म्हणायला किती वेळ लागतो? पाडव्याला स्टेजवरून जाहीर झालं — शंभर टक्के शिष्यवृत्ती. ईराच्या अंगावर शाल, हातात श्रीफळ, आणि तिची नजर गर्दीत मला शोधतेय. सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? वैशाली. ती खास रास अल खैमाहून आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या हातावरची पोर गं ती," असं शेजारच्या बाईला सांगत होती.

गाडीत ईरा म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट ट्रू." मी म्हटलं, घरातल्या पैशांच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, मृण्मयीशीसुद्धा नाही. विनय गाडी चालवत राहिला. त्याला माहीत असलेलं अर्धं म्हणजे एवढंच.

आता उरलेलं अर्धं.

थोड्याच दिवसांत वैशालीचा फोन आला. मृण्मयीलाही त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, तिला भूगर्भशास्त्र करायचं होतं. फी थोडी माफ झाली होती, ईराला प्रत्यक्षात झाली होती तेवढीच. महिनाअखेर कळवायचं होतं. "पुरी स्कॉलरशिप काय आमच्या नशिबात नाही. पण अनघा, तुला सगळं माहीत असतं. तिकडं लोन वगैरे मिळतं का गं पोरींना? यांचा पगार तर तुला ठाऊकच आहे."

मला काय म्हणता आलं नसतं? "मिळतं, आम्हीही घेतलंय" — एवढंच. पण मग शंभर टक्क्यांचं काय? ती शाल, ते श्रीफळ, ते तिच्या डोळ्यांतलं पाणी? मी म्हणाले, "नाही गं. बाहेर राहणाऱ्यांना मिळत नाही."

ती म्हणाली, बरं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. चाचरत होती, जणू माझ्यावर अविश्वास दाखवतेय म्हणून तिलाच अवघड झालं होतं. "मृण्मयी म्हणते, वेबसाइटवर लिहिलंय, सिटिझनना मिळतं म्हणून." आणि मी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "कागदावर असतं गं तसं. आम्ही सगळं करून बघितलं. पालकांच्या लोनला तर ग्रीन कार्डच लागतं. उगाच पोरीला आशा लावू नकोस." ग्रीन कार्डाचं खरं होतं. तेवढं खरं मी बरोबर पुढे केलं, आणि उरलेलं त्याच्यामागे दडवलं. वैशालीनं मुलीचं ऐकलं नाही, वेबसाइटचं ऐकलं नाही. माझं ऐकलं. अनघानं करून बघितलंय ना, मग खलास.

लाजेपोटी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. अब्रूचा प्रश्न होता, एका खोट्यातून दुसरं निघालं, वगैरे. तुम्हालाही आत्तापर्यंत तसंच वाटलं असेल. मी गोष्ट तशीच तर सांगितली. पण लाज एवढीच असती तर मी त्यांना विद्यापीठात फोन करा म्हणाले असते. तिथल्या बाईंनी सांगितलं असतं आणि माझं नावही आलं नसतं. खरं सांगू? मृण्मयी तिथे जायला मला नको होती. तिथे तरी माझी ईरा एकटी हुशार असावी, असं मला वाटत होतं. ज्या बाईनं माझ्या लेकीला पहिल्यांदा न्हाऊ घातलं, तिच्या लेकीच्या वाटेत मी आडवी आले. आणि फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं. हो, हलकं वाटलं.

प्रकाशभाऊजींच्या पगारावर तर ते परत न करायचे पैसेसुद्धा कदाचित मिळाले असते. ते मी तेव्हाही मनात मोजलं होतं.

मृण्मयीनं घरी राहून इथल्याच एका कॉलेजात सिव्हिल केलं. आज ती त्याच सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, खाणीतून येणारा दगड तपासते. कुरकुर नाही, कुढणं नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेतल्या मुलांना डोंगरात नेते आणि दगड हातात देऊन तो कुठून आला ते सांगते. मागे एकदा मी बरोबर गेले होते. मुलं चिप्स विसरून ऐकत होती, आणि मीही. काय सांगते ती मुलगी! वैशाली बाजूला चटईवर बसून सगळ्यांसाठी सँडविचेस लावत होती, लेकीकडे बघून हसत होती. मी कितीदा म्हणते, या मायलेकींसारखी माणसं मी पाहिली नाहीत. लोकांना वाटतं, मैत्रिणीचं कौतुक करतेय. कौतुकच असतं ते. फक्त ते करणारी कोण आहे, हे त्यांना माहीत नसतं.

ईराचं कर्ज फिटत आलंय. तिचं आणि मृण्मयीचं बोलणं वाढदिवसाच्या मेसेजपुरतं उरलंय.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू वैशालीकडे होतं. एक नवी बाई आली होती, स्नेहा, नुकतीच अबू धाबीला, अल रीमला राहायला आलेली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, आमचा ओम पण यूएस बॉर्न आहे. ट्वेल्थला आहे आता. फी ऐकूनच टेन्शन येतं. लोन मिळतं का हो तिकडे?" वैशाली कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. कौतुकानं माझ्याकडे हात करून म्हणाली, "अगं, हिला विचार. माझ्या वेळी हिनंच सगळी चौकशी केली होती. बाहेर राहणाऱ्यांना नाही मिळत."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द. किती जणींना सांगितलं असेल तिनं आजवर, माझं नाव घेऊन?

मी स्नेहाला म्हटलं, "मिळतं. मुलगा सिटिझन आहे ना, मग मिळतं. आजच अर्ज करा."

खोलीत काही झालं नाही. बायका बोलतच होत्या. वैशालीनं माझ्याकडे बघितलं, मला वाटलं, झालं, आता कळलं हिला. मी तयार होते. खरंच तयार होते. आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई! म्हणजे नियम बदलला वाटतं!" स्वयंपाकघराकडे वळून तिनं हाक मारली, "मृण्मयी, ऐकलंस का गं, आता मिळतं म्हणे! बरं झालं बाई, पुढच्या पोरांचं तरी भलं होईल."

मृण्मयी तिळगुळाचा डबा घेऊन दारात आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"हो," मी म्हणाले. "बदलला."

वैशालीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातात वाण दिलं आणि निघताना ईरासाठी लाडवांचा डबाही दिला. डिंकाचे, तिला आवडतात म्हणून. मी तो घेतला.

नियम बदलला नव्हता. मृण्मयीच्या वेळीही तो हाच होता.