आई जेवायला बसली

गेल्या रविवारी सकाळी सहाला राजारामपुरीतून आमची जीप पुण्याला निघाली… आईसाठी स्थळ बघायला.

दचकू नका. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. स्थळ म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी नवीन बांधलेली सोसायटी. माहितीपत्रकात तिला ‘इंडिपेंडंट लिव्हिंग कम्युनिटी’ म्हटलंय. म्हणजे राहायचं स्वतंत्र, पण सगळ्यांनी मिळून… हे नेमकं कसं करतात ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या पत्रकावर पांढऱ्या केसांचं एक हसरं जोडपं आहे, हातात बॅडमिंटनच्या रॅकेट घेतलेलं. आमच्या गल्लीत त्या वयाचा माणूस हातात काही घेतो ते फक्त कुत्रं हाकलायला.

पत्रक मीच आणलं होतं. त्याला कारण होतं. दिवाळीच्या आधी आई बाथरूममध्ये पडली. मी ऑफिसात, बायको शाळेत. बायको संध्याकाळी घरी आली तेव्हा आई फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. “आत्ताच पडलो गं,” म्हणाली.

आई आंघोळ करते सकाळी दहाला. बादलीतलं पाणी पार गार झालं होतं…

तर रविवारी जीपमध्ये ड्रायव्हर सोडून आम्ही चौघं. मी, बायको, आई आणि आजऱ्याहून खास आलेला मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पावण्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मामानं दोन किलो काजू आणले होते. ते द्यायचे कुणाला, हा प्रश्न फक्त मलाच पडला होता.

कराडच्या पुढं मामानं नियम सांगितला. “चहा घ्यायचा, पोहे खायचे. जेवायला बसायचं न्हाय. जेवलं की पसंत हाय असं हुतंय.”

आमच्याकडं सोयरीक बघताना हेच चालतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनंसुद्धा. मला तर मनातून बरंच वाटलं. खरं सांगायचं तर माझा हिशोब सोपा होता… जागा दाखवल्याचं पुण्य माझं, नकार आईचा.

तिथली मॅनेजर पोरगी हुशार होती. काळा कोट, गोड आवाज, दर वाक्यात एकदा ‘सर’. मामानं काजूची पिशवी तिच्याच हातात ठेवली आणि चौकशी सुरू केली.

“पाणी किती वाजता येतंय?”

“चोवीस तास, सर.”

मामाचा विश्वास बसला नाही. त्यानं फ्लॅटमधले सगळे नळ एकेक करून सोडून बघितले. मग बाथरूममध्ये त्याला एक लाल दोरी दिसली, छतापासून थेट फरशीपर्यंत आलेली.

“ही कशाची ओ?”

“इमर्जन्सीची, सर. कुणी पडलं आणि उठता आलं नाही तर…”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामानं दोरी ओढली. खाली कुठंतरी घंटा वाजली, जिन्यात पावलं धडधडली आणि एक नर्स धापा टाकत आत आली. कोण पडलंय ते शोधू लागली. मामानं घड्याळ बघितलं. “एक मिनिट,” म्हणाला, स्वतःच ती सोय बसवून दिल्यासारखा.

आम्ही हसलो. आई हसली नाही. ती दोरीच्या खालच्या टोकाकडं बघत होती.

साडेबाराला मॅनेजर आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये घेऊन गेली. “आता जेवूनच जा.” आम्ही एका सुरात, “नको नको, खाऊन आलोय.” मामा बटाट्याच्या भाजीवरची नजर न काढता म्हणाला, “पोट टच्च भरलंय.”

आणि आईनं ताट घेतलं.

“अक्का…” मामा हळूच म्हणाला.

“भूक लागलीया. मी जेवतो.”

ती एका अनोळखी म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली. आमटी चाखली. “मिळमिळीत हाय,” म्हणाली आणि पिशवीतून कांदा-लसूण चटणीची डबी काढून चमचाभर आमटीत घातली. थोडी शेजारणीच्या वाटीतही घातली. भात दोनदा मागून घेतला.

मी त्या डबीकडं बघत राहिलो. ती तर घरूनच भरून आणलेली होती… म्हणजे मामानं नियम सांगितला तेव्हा ही मान कशासाठी डोलावत होती?

परतीच्या वाटेवर साताऱ्याजवळ मामा म्हणाला, “आता काय, झालंच की. गाडी थांबवा, मला भूक लागलीया.” बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर.

मामा खायला उतरला तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. “एका मिनिटात आली रे ती नर्स.”

हे कौतुक होतं की आणखी काही, मला कळलं नाही. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. मी फक्त “हं” म्हणालो. एरवी चारचौघांत माझी जीभ थांबता थांबत नाही.

पुढच्या महिन्यात आई तिथं पंधरा दिवस राहून बघणार आहे. तयारी सुरू झालीय. चटणीची मोठी बरणी भरून झालीय, त्या शेजारणीसाठी एक वेगळी.

कुणी विचारलं की सांगतोय, आईला स्थळ पसंत पडलं. मग नकार मला आल्यासारखं का वाटतंय…