खंजिरीच्या चकत्या

हेडफोनचा आवाज वाढवणारा, खिशात मावणारा नवा ॲम्प्लिफायर घरी आला, की परत पाठवायची मुदत संपायच्या आत मी तो जाम गावच्या चौकातल्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे नेतो. ते आधी डबी तळहातावर तोलतात, मग आवाजाचं बटण सावकाश फिरवतात, पिन घालून हलवून बघतात.

"पत्रा पक्का हाय, पण बटन ढिल्लं. इतक्या पैशाचा नाई हा. वापस करजो."

त्यांचा निकाल आजवर चुकलेला नाही. आवाजाबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाहीत.

परवाची डबी त्यांना पसंत पडली.

"पण काका, वाजते कशी?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइलवर गावच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन क्षणभर स्वतःच्या कानाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"तूच आयक. खंजिरीच्या चकत्या वाजून राह्यल्या का?"

"अगदी स्वच्छ."

"मले आता त्या आयकू येत नाई," ते म्हणाले. "खंजिरी मीच वाजवून राह्यलो त्याच्यात."

मी हेडफोन काढू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. पूर्ण आयक."