वीतभर अंतरावरचा चेहरा

चष्मा विकणं सोपं, बसवणं अवघड, असं काका म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं. गल्लीत त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका समोर स्टूल ओढत, तोंड वीतभर अंतरावर आणत, काडी गरम करून वाकवत, कानामागे बोट फिरवून बघत आणि चष्मा असा बसवत की घालणाऱ्याला तो घातल्याचं भानच राहत नसे. जन्मभर दुसऱ्यांची नाकं बघितली या माणसाने. सरळ, बसकी, फताडी, पोपटाच्या चोचीसारखी. आणि स्वतःच्या नाकावर काय चाललंय, ते मात्र कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

त्यांच्या नाकाच्या डाव्या बाजूला, जिथे चष्म्याचं नोजपॅड टेकतं, तिथे एक बारीकशी जखम झाली होती. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त यायचं. काका म्हणाले, पॅड घासतंय. झालं! पॅड बदललं. मग मऊ रबराचं लावलं. मग फ्रेमच बदलली. दीड-दोन वर्षं हा माणूस चष्म्यावर उपचार करत बसला, नाकावर नाही. दुसरा कोणी असता तर केव्हाच डॉक्टरकडे गेला असता, पण चष्मेवाल्याला प्रत्येक दुखणं चष्म्याचंच वाटणार.

"अहो, एकदा दाखवा तरी कोणाला," काकू कानीकपाळी ओरडत राहिल्या.

"चष्म्यातलं मला कळतं की तुला?" हे उत्तर ठरलेलं.

शेवटी काकूंनी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा स्वारी दवाखान्यात गेली. तुकडा काढून तपासला, तर कातडीचा कर्करोग निघाला. तो सहसा अंगात पसरत नाही, पण आहे त्या जागी कुरतडत जातो, असं सर्जनबाईंनी शांतपणे सांगितलं. तो सगळा काढायचा, कडेला काही उरलं नाही ना ते तपासायचं आणि मग त्या खड्ड्यावर नाक पुन्हा रचायचं. आधाराला कानातलं थोडं मऊ हाड, वरून कपाळाची कातडी. तिची लांब पट्टी सोडवून खाली नाकावर वळवायची, पण भुवईपाशी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिला तिथून रक्त मिळत राहतं. नाकावर रुजली की काही आठवड्यांनी तो दुवा कापून टाकायचा.

"म्हणजे तोवर मी हत्ती?" काकांनी विचारलं.

"लहानसा," सर्जनबाई म्हणाल्या. "आणि कधीकधी अशा नाकावर एखाददुसरा केस उगवतो बरं का."

"उगवू दे. डोक्यावर तरी कुठे राहिलेत!"

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली. रोग पुरता निघाला. मधले आठवडे काकू रोज सकाळी ती सोंड हलक्या हाताने पुसत आणि कधी तोंड वाकडं करत नसत. नवं नाक छान रुजलं. थोडं जाड, रंगाने किंचित वेगळं, आणि कपाळावर एक उभी रेघ. सूज हळूहळू उतरेल, तोवर नाकावर चष्म्याचा भार नको, एवढंच पथ्य होतं. काकांना लांबचा चष्मा, त्यामुळे वीतभरातलं काम त्याच्यावाचून अडणार नव्हतं.

अडलं ते दुसरीकडेच. दुकानाच्या भिंतींना सगळे आरसेच आरसे. काका आले ते तडक पडद्यामागे, काचा घासायच्या यंत्रापाशी गेले आणि तिथेच बसले. काकू बाहेर. त्यांना फ्रेम दाखवता येई, चष्मा बसवता येत नसे. लोकांचे चष्मे घसरू लागले. दोनदा येऊन गेलेली माणसं तिसऱ्यांदा चौकातल्या मोठ्या दुकानात जाऊ लागली.

"तुम्ही बाहेर या. नाहीतर शटर ओढून घरी बसू," काकू एक दिवस चिडून म्हणाल्या.

"अगं, कोणी दचकून मागे सरकलं तर? वीतभरावर असतं माझं तोंड! मला नाही सोसायचं ते."

कोणी दचकणार नाही, हे खात्रीने सांगणं काकूंच्याही हातात नव्हतं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या जुन्या बाई आल्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलं होतं, काकांनाही. जाड भिंगांचा चष्मा त्यांच्याच बुडाखाली येऊन मोडला होता आणि त्याच्यावाचून त्यांना समोर माणूस आहे की कपाट, तेही कळत नव्हतं. काकू पडदा सारून कुजबुजल्या, "त्यांना काही दिसत नाहीये. या ना."

काका आले. जुनी भिंगं नव्या फ्रेममध्ये घातली, स्क्रू आवळले, मजेत गप्पा मारल्या. कितीतरी दिवसांनी हात पूर्वीसारखे चालत होते. आणि चष्मा बाईंच्या नाकावर ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आता यांना दिसणार. आपणच दाखवणार. काकूंना हाक मारावी असं अगदी ओठांवर आलं.

"अरे, झालं का?" बाईंनी विचारलं.

काकांनी श्वास घेतला आणि चष्मा चढवला.

बाईंनी डोळे मिचकावले. मग टक लावून बघितलं, अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत. काकांचे हात त्यांच्या कानांपाशी थिजले.

"अगंबाई! तू म्हातारा झालास की रे!"

"बाई... नाक बघितलंत का?"

"बघितलं ना. आजारी होतास म्हणे. बरं जमलंय. पण टक्कल केवढं पडलंय! आणि हे बघ, उजव्या कानामागे टोचतंय. ते बघ आधी."

काका हसले. नाक ओढलं जात होतं तरी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते बाहीने पुसले, काडी गरम केली आणि टोचणं काढलं.

बाई गेल्या तेव्हा दारात बँकेतला एक कारकून थांबला होता, घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलत. काकू पुढे झाल्या. काकांनी त्यांना बाजूला केलं आणि स्टूल ओढलं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "आधी माझ्या नाकाकडे हवं तेवढं बघून घ्या. मग मान हलवायची नाही."