पाखरांची किटली

मला बिजवराला दिली होती. समुद्रपूरकडच्या त्या घरात मी गेले तेव्हा त्याच्या पहिल्या बायकोची एकच वस्तू उरली होती, चिनी मातीची जुनी किटली. पांढऱ्या पोटावर हातानं रंगवलेली निळ्या शेपटीची पाखरं, आणि झाकणाजवळचं एक मान मागं वळवून बघणारं. पहिली म्हणजे माझ्या सासूच्या सख्ख्या भावाची लेक. तिच्या आजाला कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना ती किटली दिली होती, आणि हिनं ती माहेराहून आणली. बाळंतपणात ती गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हापासून किटलीला हात लावायची सोय नव्हती. मी एकदा पुसायला घेतली तर सासू खेकसली, "ठेव तिथं!" मीही चिडले. मेलेल्या बाईचा एवढा थाट, आणि जितीला चहा विचारायला कोणी नाही!

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं साल असेल. मला आठवा महिना लागला होता आणि पोटात सारखं दुखायचं. सासूला मी मामी म्हणे. म्हटलं, "मामी, मले वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवा नं." ती म्हणाली, "आमच्याकडं समद्या घरीच सुटल्या." नवरा आईपुढं तोंड उघडत नसे. आपलीही पहिलीसारखीच गत होणार, असं मनानं घेतलं होतं.

पितरपाटात अविधवा नवमी आली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. ठरलेली शेजारीण ऐनवेळी बाहेरची झाली. पुरण, वडे, कढी सगळं तयार, पान वाढलेलं. सासूनं माझ्याकडं पाहिलं. "तूच बस." गरोदर बाईला पितराच्या पानावर बसवत नाहीत, हे काय तिला माहीत नव्हतं? पण रिकाम्या पानाची तिला जास्त भीती. मी पानावर बसले.

जेवण झाल्यावर तिनं किटली काढली. पहिलीला जेवणावर काळा, बिनसाखरेचा चहा लागे म्हणे. मला तसला चहा म्हणजे काढाच. उकळता चहा ओतला तशी किटली आतून टिकटिक करू लागली, अंड्यातून पिल्लू चोच मारतं तशी. प्याले. गोड लागला. दुसऱ्यांदा कप मीच पुढं केला.

सासूनं किटलीपुढं हात जोडले. "माय, हिले सुखानं सुटू दे वं."

"मले दवाखान्यात काऊन नाई नेलं, आत्या?"

हे माझ्याच तोंडून आलं होतं. आत्या! मी जन्मात तिला आत्या म्हटलं नव्हतं. सासू भिंतीला टेकली. मग उठली आणि बैलगाडी जुंपा, बैलगाडी जुंपा करत अनवाणीच बाहेर धावली. संध्याकाळी आम्ही वर्ध्याच्या एसटीत होतो.

मूल आडवं होतं. घरी राहिली असती तर दोघंही गेली असती, असं डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या. मला तिथंच ठेवून घेतलं, आणि दिवस भरल्यावर पोट फाडून मुलगी काढली.

सासूनं तिला दुपट्यात घेतलं, पण माझ्याकडं आणली नाही. खाटेच्या पलीकडच्या बाजूला, जिथं कोणीच नव्हतं, तिथं ती वाकली आणि हळूच म्हणाली, "पाह्य वं माय, पोरगी झाली तुले."

एरवी मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी टाके सांभाळत थोडी सरकले आणि तिला जागा करून दिली.